आधी ड्रायव्हरले बलावा

सडक अर्जुनीला हायवेवर गजभिये मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं गाडी नेली की पहिला अपमान मालकाचा होतो. गॅरेजात खाट एकच, आणि तिच्यावर बसणार फक्त ड्रायव्हर. चहाही त्यालाच. मालकानं बाहेर बाभळीखाली उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माझ्या दोन बसेस नागपूर-रायपूर धावतात, चारचौघं मला शेठ म्हणतात. पण या माणसानं मला चांगलं चार वेळा त्या बाभळीखाली उभं केलंय.

"शेठ, गाडी तुमची हाये. पन तिचं दुखनं तुमाले काय मालूम? बाहेर थांबा."

बरं, हा वायरिंगचा माणूस. ड्रायव्हरशी ह्याला काय करायचंय? पण नाही. तासभर उलटतपासणी घेणार. गाडी केव्हा बिघडली? पाणी पडत होतं का? हॉर्न कसा वाजत होता? एका ट्रकवाल्याला तर विचारलं, "घरी भांडन झालतं काय बे?" बिघडला होता ट्रकचा अल्टरनेटर. काय संबंध, सांगा!

तर माझी नवी बस डाव्या अंगाला कलायला लागली. एअर सस्पेन्शनची गाडी. चाकांपाशी हवेचे बलून असतात आणि किती हवा भरायची ते सेन्सर सांगतो. मागून पाहिलं तर बस कंबर धरून उभ्या म्हातारीसारखी दिसे. नागपूरच्या एका वर्कशॉपनं बलून बदलला, व्हॉल्व्ह बदलला, आणि शेवटी निदान केलं की ड्रायव्हर गाडी खड्ड्यात आपटतो. माझं डोकं आधीच फिरलं होतं. ड्रायव्हर नंदू सहा वर्षं माझ्याकडं. भर स्टँडवर, सगळ्यांसमोर त्याला झापलं. "आपटून आपटून गाडीची वाट लावली! उद्यापासून येऊ नको." तो काही न बोलता केशोरीला घरी गेला. मी म्हटलं, बोलत नाही म्हणजे चूक ह्याचीच.

बस तरी कलतीच. झक मारत गजभियेकडं नेली.

"ड्रायव्हर कुठं हाये?"

"काढला."

"काऊन?"

"चूक त्याची होती."

"मंग त्यालेच घेऊन या. नाही तं गाडी परत न्या."

मी आवाज चढवला, तर तो साबण घेऊन हात धुवायला बसला. दोन दिवस बस तिथंच पडून. शेवटी मीच फोन केला आणि नंदू आला. माझ्याकडं न पाहता खाटेवर बसला. मी बाभळीखाली.

"कधीपासून कलते?"

"अमावशेनंतर, काका. पैले दोन-तीन दिवस कले, मंग आपोआप सीधी होये. आता तं कायमचीच कलली."

मी बाहेरून हसलो. "घ्या! आता भुताटकी काढा!"

मिस्त्री हसला नाही. "अमावशेले गाडीले काय करता?"

"शेठ नारेल फोडतेत."

"कुठं?"

"मागच्या डाव्या चाकापाशी. आतल्या लोखंडी पट्टीवर."

मिस्त्रीनं चेसिसखाली लाकडी ठोकळे लावले, कारण हवा सुटली तर अशी बस खालच्या माणसावर बसते. आत शिरला, सेन्सरचा प्लग काढून मीटर लावलं, वायर हलवली. आकडा नाचायला लागला. बाहेर येऊन त्यानं प्लग माझ्या नाकाखाली धरला. पिना हिरव्यागार आणि खवट खोबऱ्याचा वास. सेन्सर बरोबर त्या पट्टीच्या खाली होता; आधी पाणी वाळलं की बस सरळ व्हायची, आता पिनाच गंजल्या होत्या. म्हणजे वर्षभर दर अमावास्येला मी मोठ्या भक्तिभावानं माझ्याच गाडीच्या सेन्सरला नारळपाणी पाजत होतो.

नव्या पिना घातल्यावर बस सुस्कारे टाकत सरळ झाली.

"आता बोला," मिस्त्री म्हणाला.

"काय बोलू? नंदू, उद्यापासून ये."

"ते नाही. चूक कोनाची होती, ते बोला. स्टँडवर बोल्ले ना? साऱ्या हायवेले मालूम हाये. मंग हे बी बोला."

माझी जीभ उचलेना. खरं सांगतो, लाज नव्हती ती, माज होता. ड्रायव्हरपुढं मालकानं असं बोललं की संपलं, असं वाटलं मला. खिशातली किल्ली चाचपत राहिलो.

मिस्त्री खाटेच्या कडेला टेकला. "मी बी बस चालवत होतो," तो म्हणाला. हे मला ठाऊकच नव्हतं. "वळनावर लाइट गेले अन् गाडी नाल्यात गेली. एक बाई मेली. मालक म्हने, झोपला होता. मी जागा होतो, शेठ. त्या गाडीची वायरिंग खोलून पाहाले म्हनून हे काम शिकलो. शिकून आलो तं त्यानं गाडी भंगारात तोडून टाकली होती. घरवाली बी मरेपर्यंत म्हने, लागला असंन तुमचा डोळा."

मी किल्ली खिशातून काढली आणि परत ठेवली. नंदू खाली मान घालून बसलेला.

मग मिस्त्रीच उठला. नंदूच्या खांद्यावर काळा, तेलकट हात ठेवून म्हणाला, "तुयी चूक नवती, बाबू." मग पुन्हा म्हणाला, "चूक नवती." दुसऱ्यांदा म्हणताना तो नंदूकडं पाहत नव्हता.