उभ्यानं विचारलेलं धरत नाहीत

शेषराव पाटलांचा पाय मोडला तेव्हा ते दगडूआप्पांच्या पिठाच्या गिरणीत मांडी घालून शेंगा खात होते. आप्पांनी फरशीवर पडलेल्या कवड्यांकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं, “पाटील, गेला तुमचा डावा पाय. गुडघ्याच्या खाली. मांडी सोडा.”

पाटलांनी निमूट मांडी सोडली. आप्पांनी त्यांच्या पोटरीला लाल दोरा बांधला. पाटील लंगडत घरी गेले, आणि आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या रस्त्यावर कुणीही मान वळवून पाहिलं नाही. आप्पांच्या गिरणीत माणसं जखमी होतात, हे गावाला माहीत होतं.

मी गावच्या शेतकरी सोसायटीचा सचिव. कुठलीही गोष्ट क्रमानं मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून आधी खेळ सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात दळायला धान्य नव्हतं. गिरणीचं इंजन बंद, आणि आप्पांना रिकामं बसणं जमेना. त्यांनी फरशीवर खडूनं एक किल्ला काढला. त्याचं नाव अघोरगड. किल्ल्यातल्या राक्षसानं सगळा पाऊस एका रांजणात कोंडून ठेवलाय आणि आम्ही तिघांनी जाऊन तो रांजण फोडायचा, अशी मोहीम. शेषराव पाटील सरदार. सोनाजी पोस्टमन हेर. मी कारभारी, शिदोरी किती उरली, दोर किती लांब आहे, ते मी सांगायचं. राक्षस, वारा, नदी, दरवाजे, वटवाघळं हे सगळं आप्पा. काय करायचं ते आम्ही बोलायचं, मग कवड्या टाकायच्या, आणि कवड्यांचं म्हणणं आप्पा ऐकवायचे.

पुढं पाऊस पडला, इंजन सुरू झालं, पण आप्पांचा रांजण काही फुटला नाही. “ह्यो पाऊस येगळा,” ते म्हणायचे. दर रविवारी दुपारी इंजन बंद करून आम्ही पुन्हा अघोरगड चढायला लागायचो.

किल्ला ठीक होता. भानगड होती ती आप्पांच्या जखमांच्या नियमांची.

सोंगट्यांच्या खेळात सोंगटी मरते आणि पटाबाहेर जाते. आप्पांना ते मान्य नव्हतं. “लाकडाची असली म्हणून काय झालं? एका फटक्यात माणूस मरत न्हाई. आधी पडतो. पडल्यावर लोकं काय करतेत, त्याच्यावर हाय पुढचं.” म्हणून जखमीनं दोरा बांधून घरी जायचं आणि दिवसातून थोडा वेळ तरी आडवं व्हायचं. झाडपाल्यानं दुखणं थांबेल, जखम भरणार नाही. जखम भरायची असेल तर ज्याच्या चुकीनं लागलं त्यानं जखमीच्या घरी जायचं, बसायचं आणि विचारायचं, “आता कसं हाय?” पुढच्या बाजाराच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत. नाही गेलं, तर जखम चिघळून माणूस गेला. गेलेला परत येत नाही, त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही.

मी म्हणालो, “आप्पा, हे नियम लिहून गिरणीत लावतो.”

“नगं. लिहिलं की लोकं वाचतेत आन् घरी जातेत.”

पाटलांचा तो पाय सोनाजीच्या चुकीनं मोडला होता. हेरानं खंदकाची खोली चुकीची सांगितली होती. दुसऱ्याच दिवशी टपाल वाटता वाटता सोनाजी पाटलांच्या घरी जाऊन विचारून आला. संध्याकाळी आप्पांनी त्याला विचारलं, “बसला व्हतास का?”

“न्हाई, उभा व्हतो. अंगणात.”

“मग न्हाई भरली. उभ्यानं इचारलेलं धरत न्हाईत.”

पाटलांना आणखी दोन दिवस मोडका पाय मिळाला. पाटलीणबाई तडक गिरणीत आल्या. “आवो आप्पा, निंदणीच्या टायमालाच ह्यांचा पाय कसा मोडतो? वावरात चला म्हणलं की दोरा दाखवून राहिलेत!”

“बाई, कवड्या म्या टाकल्या न्हाईत.”

बाजाराच्या आदल्या दिवशी पाटलांनी अंगणात पोतं टाकलं, सोनाजी त्यावर टेकला आणि पाय बरा झाला. आम्ही हसलो. आप्पा हसले नाहीत.

सोनाजीबद्दल इथं सांगायला हवं. तो बौद्धवाड्यात राहायचा. गावातल्या झाडून सगळ्या दारांत उभा राहिलेला आणि जवळजवळ कुठंच न बसलेला माणूस. गिरणीतल्या फरशीवर मात्र तो आमच्या मांडीला मांडी लावून बसे, पाटलांच्या हातातल्या शेंगा पळवी आणि त्यांना खुशाल टोमणे मारी.

तर त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही शेवटच्या दारापाशी पोचलो. पलीकडे रांजण. सोनाजी म्हणाला, “थांबा पाटील, आधी म्या कानोसा घेतो.”

“सरदार थांबत नसतो!” पाटलांनी लाथ घातली आणि कवड्या फेकल्या.

सगळ्या पालथ्या पडल्या.

 आप्पांनी उठून सोनाजीच्या खाकी शर्टाच्या छातीवरच्या गुंडीला लाल दोरा बांधला. “आतून बाण आला. छातीत. लई आत गेला.”

 नियम सगळ्यांना पाठ होते. पाटलांनी बौद्धवाड्यात जायचं होतं, सोनाजीच्या घरात बसायचं होतं. शेषराव पाटील त्या वाटेनं कधी गेले नव्हते, आणि त्यांचे भाऊबंद वेशीतल्या पारावर बसून कोण कुठं जातं ते बघत असत.

सोनाजीनंच तोंड उघडलं. “मरू द्या आप्पा त्या हेराला. तसंबी चपला झिजल्यात त्याच्या.” पण दोरा त्यानं सोडला नाही. हेर गेला असता तर त्याची रविवारची जागाही जाणार होती, आणि गावात त्याला बसायला दुसरी जागा नव्हती.

मी व्यवहारी माणूस. मी तोडगे सुचवले. पाटलांच्या वतीनं मी जातो. आप्पा म्हणाले, बाण तुमी मारला का? मग सोनाजीलाच इथं गिरणीत बोलावू. आप्पा म्हणाले, छातीत बाण घेऊन माणूस चालत येतो काय? कवड्या पुन्हा टाकू, म्हटल्यावर त्यांनी कवड्या मुठीत धरल्या आणि खिशात घातल्या.

बाजाराचा दिवस उजाडला. गिरणीचा सगळ्यात गर्दीचा दिवस. दुपारी आप्पांनी इंजन बंद केलं आणि पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. दळणाचे डबे रांगेत लागले. बायका ओरडायला लागल्या.

“आप्पा, पट्टा तुटला का?”

“न्हाई.”

“मग काहून बंद केलं?”

“माणूस जखमी हाय.”

ऊन गिरणीच्या भिंतीवरून उतरून रस्त्यावर आलं. सेनगावची जीप भरून गेली. बाजार मोडायला लागला तेव्हा हातात पिशवी घेऊन पाटील आले. गिरणीसमोर आल्यावर त्यांचे पाय थांबले. चेहरा रागानं लाल झाला होता.

“ह्यो खेळ हाय का काय हाय, आप्पा?”

“तुमी सांगा.”

“माझ्या भाऊबंदांना काय सांगू? खडूच्या किल्ल्यापायी गेलो म्हणू?”

“म्या जबरदस्ती करून न्हाई राहिलो पाटील. नियम सांगून राहिलो. माझ्या घरचा नियम हाय, मोडायचा तर मोडा. पर सांगून मोडा.”

पारावरची चार डोकी आमच्याकडं वळली होती. पाटलांनी एकदा पाराकडं पाहिलं, एकदा उतरत्या उन्हाकडं. मग वळले. घराची वाट डावीकडं होती. ते उजवीकडं चालू लागले, झपझप, जणू कुणी मागं लागलंय. मी आणि आप्पा मागून निघालो. पारावरून कुणीतरी हाक मारली. पाटलांनी ओ दिली नाही.

सोनाजी अंगणात बाजेवर आडवा होता, नियमाप्रमाणं. छातीवर दोरा. आम्हाला बघून उठायला लागला, आणि आठवल्यासारखा पुन्हा पडला. त्याची बायको सरूबाई दारात येऊन उभी राहिली. हातातली परात तिनं खाली ठेवली नाही.

पाटील फाटकाशी थबकले. “सोनाजी, कसं...” म्हणाले आणि तिथंच अडकले. त्यांनी मागं वळून आप्पांकडं पाहिलं. उभ्यानं चालेल का, असं त्यांची नजर विचारत होती. आप्पांनी फाटकाचा बांबू घट्ट धरला होता. 

पाटील आत गेले. बाजेवर, सोनाजीच्या पायापाशी, बसले. बाज करकरली.

“आता कसं हाय?”

एरवी सोनाजीकडं उत्तर तयार असायचं. या वेळी त्यानं छातीवरच्या दोऱ्याला हात लावला. “जरा दुखून राहिलं, पाटील.”

“दुखणारच. म्या लाथ मारायला नको व्हती. तू थांबा म्हणला व्हतास.”

सरूबाई चाचरत म्हणाली, “च्या टाकू का?”

पाटलांनी पिशवी खाली ठेवली. “टाका वहिनी. आप्पाच्या गिरणीतला पाणचट पिऊन तोंड गेलंय माझं.”

सोनाजी हसला. मी आप्पांना खूण करायला वळलो, तर फाटकाशी आप्पा नव्हते.

गिरणीत डबे तसेच रांगेत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आप्पा जमिनीवर बसले होते, शेजारी त्यांची स्वतःची गुंडाळलेली वळकटी. खोलीत एक खाट होती. तिच्यावर धुतलेली वाकळ अंथरलेली, उशी ठेवलेली. इतक्या वर्षांत मी ती खोली कधी पाहिली नव्हती.

“काहून निघून आलात आप्पा? हेर वाचला तुमचा.”

“चांगलं झालं.” मग खाटेकडं न बघता म्हणाले, “आमच्या मंडळीला क्षय व्हता, सचिव. औषधाला म्या कमी पडू दिलं न्हाई. हिंगोलीहून बराबर आणायचो. लोकं दळण आणायची आन् गिरणीच्या दारातूनच माघारी जायची. त्यांचं काय घेऊन बसलात? ताट म्या बी भायेरूनच आत सरकवायचो. त्या उंबऱ्यातून. रोज इचारायचो तिला, आता कसं हाय म्हणून.”

त्यांनी वळकटी जवळ ओढली.

“ती बरं हाय म्हणायची. रोज.”

बाहेर कुणीतरी डबा वाजवत होतं. मी ज्या उंबऱ्यात उभा होतो, त्याचं लाकूड मधोमध झिजलेलं होतं. मी तिथूनच विचारलं,

“आप्पा, आता कसं हाय?”

आप्पांनी मान वर केली. खाटेवरच्या वाकळीवर कुठं पीठ नव्हतं, तरी त्यांनी हातानं ती झटकली.

“बसून इचारा, सचिव.”