मांजरपाटाचं विमान

डिसेंबर १९७६, रविवार, सकाळी नऊ. टेमघर, भिवंडी, आमच्या चाळीचं अंगण. हजर: सीताराम भोईर, अध्यक्ष, खोली एक. कमळाबाई तरे, खोली चार, सोबत दोन शेळ्या (शेळ्यांची नोंद कमळाबाईंच्या आग्रहावरून, फिर्यादी म्हणून). विष्णू शिंपी, खोली नऊ. मी, चिटणीस, खोली सहा. आणि दत्ताराम पाटील, खोली पाच, हजर, पण विमानात बसून.

शेवटची नोंद मी थट्टेनं केलेली नाही. मी शाळेत शिकवते आणि चाळीचं इतिवृत्त लिहिते, दोन्हीकडे थट्टा करायला मला वेळ नसतो. आमच्या अंगणात नळ आणि कपड्यांच्या तारा यांच्या मधोमध पाच वर्षं एक विमान उभं आहे आणि त्याचा मालक चाळीच्या सभेला त्यात बसून हजर राहतो. सतरंजीवर येऊन बसा म्हटलं तर म्हणतो, "बाई, हितनं समदं ऐकू येतं. तुमी चालू द्या."

दत्तू पाटील मूळचा काल्हेरच्या खाडीकडचा. भिवंडीत एका कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा माणूस. कामात पक्का. बंद पडलेल्या लूमपाशी उभा राहतो, ताण्याच्या धाग्यावरून बोट फिरवतो, आणि कुठे काय बिघडलंय ते सांगतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांना एकच कारण आहे, ते म्हणजे ताण चुकणं. "ताण बराबर पायजे." हे वाक्य मी त्याच्या तोंडून लूमबद्दल ऐकलंय, पायजम्याच्या नाडीबद्दल ऐकलंय, आणि विष्णू शिंप्याच्या थोरल्या मुलीच्या संसाराबद्दलही ऐकलंय. त्या मुलीच्या लग्नात मांडवाचे दोर छेडून बघत तो सगळीकडून फिरला आणि एक दोर सोडून पुन्हा बांधायला घेतला. मांडवाचा तो कोपरा नवरदेवाच्या आत्याच्या डोक्यावर आला. आत्याला काही लागलं नाही, पण ती जेवलीही नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण एकाहत्तर साली दत्तू एक पुस्तक घेऊन माझ्या दारात आला. इंग्रजी पुस्तक, भंगारवाल्याकडून आणलेलं, पुठ्ठा गेलेला, विषय घरच्या घरी विमान बांधणे. त्याला इंग्रजी येत नाही. "बाई, रोज एक पान सांगा," म्हणाला. मला वाटलं, माणूस एकटा आहे, ड्युटीवरून आल्यावर काहीतरी नाद हवा. मी पान सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसरं सांगितलं. पुढच्या महिन्यात अंगणात खोक्यांच्या फळ्या आल्या, त्यांच्या फासळ्या कापल्या गेल्या, आणि एका सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर माझी तारच जागेवर नव्हती. ती विमानाच्या शेपटीत गेली होती. मी जाब विचारला. त्यानं ती शेपटीवरची तार बोटानं छेडली, कान लावून ऐकली, आणि म्हणाला की दोरीवर कपडे लवकर वाळतात.

पुस्तकात पंखाची रुंदी दिलेली होती. दत्तूनं ती मानली नाही. त्याच्याकडे कारखान्यातला मांजरपाट होता, त्याचा पन्हा जेवढा तेवढीच पंखाची रुंदी, कारण कापडाला जोड दिला की तिथे ताण बदलतो. विमान बनवणाऱ्यांनी काय ते गणित मांडून रुंदी ठरवली होती, आणि इथे ती भिवंडीच्या मागानं ठरवली. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेंच्याकडं आपल्यासारखा माग नसंल."

इंजिन आलं ते एका मोडीत निघालेल्या मोटारीचं. हातगाडीवरून आलं आणि त्याच्यासोबत हातगाडीवाल्याचं नशीबही आलं, कारण उतरवताना त्याच्या पायावर पडता पडता राहिलं. दर रविवारी दहा वाजता इंजिन सुरू व्हायचं. समोरचा लाकडी पंखा फिरू लागला की चाळीतल्या वाळवणाचा प्रवास सुरू व्हायचा. भोईरांचं धोतर दोनदा शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यावरून काढावं लागलं. कमळाबाईंच्या कुरडया कुठे गेल्या ते आजवर कळलेलं नाही. मी वेळापत्रक करून खांबावर लावलं: दहा ते सव्वादहा इंजिन, साडेदहानंतर वाळवण. दत्तूनं ते पाळलं, हे कबूल करते. चाळीतल्यांनी पाळलं नाही आणि बोलणी मला खावी लागली.

आता लेपाचा प्रकार. पुस्तकात लिहिलं होतं की पंखावर कापड ताणून बसवलं की त्याला एक लेप लावायचा, त्यानं कापड आवळतं आणि कडक होतं. लेपाचं नाव होतं, पण ते आमच्या बाजारात कोणी ऐकलेलं नव्हतं. मी सांगितलं, कापड ताठ करणारा कसला तरी द्राव आहे. दत्तूचा चेहरा उजळला. भिवंडीत कापड ताठ करायला काय लावतात हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. सूत मागावर चढायच्या आधी त्याला खळ देतात, पिठाची. दत्तूनं कारखान्यातून बादलीभर खळ आणली आणि दोन्ही पंखांना तीन हात दिले. कापड खरोखर ढोलासारखं वाजू लागलं. तो टिचक्या मारत अंगणभर फिरला. मीही एक टिचकी मारली, ती नोंद कुठे नाही.

चौथ्या दिवशी कमळाबाईंच्या शेळ्या सुटल्या. डावा पंख त्यांनी टोकापासून निम्म्यापर्यंत खाल्ला. पीठ लावलेलं कापड म्हणजे शेळीला काय, भाकरीच. दत्तू ड्युटीवरून आला तेव्हा नुसत्या फासळ्या उरल्या होत्या. तो शेळ्यांना काही बोलला नाही. बोलल्या त्या कमळाबाई, शेळ्यांचं पोट बिघडलं म्हणून, आणि त्या मला बोलल्या, कारण पुस्तक मी वाचून दाखवलं होतं.

विमान खात्याला अर्जही मीच लिहिला. तीन प्रतींत. उत्तर आलं, त्यात विचारलं होतं की विमान कोण चालवणार आणि त्याच्याकडे परवाना आहे का. दत्तूनं आत जाऊन सायकलच्या परवान्याचा नगरपालिकेचा बिल्ला आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, तू आयुष्यात कधी विमानात बसलायस का? म्हणाला, रोज बसतो की. आणि अंगणाकडे बोट दाखवलं.

तर त्या रविवारची सभा अशा सगळ्यावर होती. विषय एकच, विमान हलवणे. शेळ्या, कुरडया, धोतर, सगळं मी क्रमानं वाचून दाखवलं. भोईर म्हणाले की पडघ्याला त्यांच्या ओळखीचा एक भंगारवाला आहे, ट्रक घेऊन येईल. विष्णू शिंपी म्हणाला की उरलेलं कापड त्याला चालेल. ठराव: पंधरा दिवसांत विमान मोडून अंगण मोकळं करावं. मी विमानाकडे बघून विचारलं, काही हरकत?

मला वाटलं होतं की तो भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"न्हाय," दत्तू म्हणाला. "लिवा बाई."

मला त्याचा फार राग आला. पाच वर्षं माझी तार, माझ्या संध्याकाळी, माझं इंग्रजी वापरलेला माणूस, आणि एक शब्द बोलत नाही. चिडूनच मी दुपारी वही घेऊन अंगणात गेले. माझा नियम आहे की कुठलीही वस्तू हलवण्याआधी तिची यादी करायची, म्हणजे मागाहून हे कुठे गेलं आणि ते कुठे गेलं होत नाही. लूमचे खिळे, फासळ्या, पंखा, मोटारीचं इंजिन असं लिहीत लिहीत मी आतपर्यंत पोचले. दत्तूच्या बसायच्या फळीमागे दुसरी एक फळी होती. तिच्यावर गादी होती, आणि ही गादी दत्तूच्या गादीपेक्षा जाड होती. दत्तूच्या समोर एक कागद टाचलेला होता. त्यावर माझ्याच अक्षरात विमानाच्या वजनाचा हिशोब होता, मीच कधीतरी लिहून दिलेला. खाली मोकळ्या जागेत मागाहून त्यानं स्वतः वाकडेतिकडे दोन आकडे घातले होते: ५२ आणि ७१.

बावन्न किलो म्हणजे दत्तू, ते दिसतच होतं. मी विचारलं, हा एकाहत्तर कोण?

तो पान्हे पिशवीत भरत होता. ते भरून झाल्यावर म्हणाला, "रहमत."

रहमतभाई आमच्या सात नंबरच्या खोलीत राहायचे. दत्तूच्याच कारखान्यात माग चालवायचे. दोघांची शिफ्ट एक, डबा एक. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, तिसरीत. सत्तर साली गावात जी दंगल झाली त्यानंतर ते कुटुंब मालेगावला गेलं. सामान न्यायलाही आलं नाही, नातेवाइकांनी नेलं. हे सगळं मला माहीत होतं. पण विमान एकाहत्तरला सुरू झालं, याचा विचार माझ्यासारख्या तारखा सांभाळणाऱ्या बाईनं पाच वर्षांत एकदाही केला नाही.

दत्तूनं जे सांगितलं ते थोडंच होतं. सूत घेऊन जाणारा एक ट्रकवाला मालेगावला जातो. त्याच्या हाती दत्तूनं निरोप पाठवला होता, परत ये, तुझा माग मी चालू ठेवलाय. रहमतभाईंनी उलट निरोप दिला होता. तो दत्तूनं मला जसाच्या तसा म्हणून दाखवला.

"दत्तू को बोलो, आने को जी करता है. पर वो नाके से अब मैं नहीं गुजर सकता."

"नाक्यावर काय झालं?" मी विचारलं.

"त्यानं सांगितलं न्हाय. मी इचारलं न्हाय." मग म्हणाला, "मालेगावहून यायला दुसरा रस्ता न्हाय बाई. कुठनं बी या, तो नाका लागतोच. मी सायकलवर फिरून बघितलं."

मी भडकले. आता लिहिताना मला त्याची लाज वाटते, पण तेव्हा भडकले. म्हटलं, कसारा घाट आहे मध्ये, तुझं विमान अंगणातल्या नळावरून जाईल की नाही याची खात्री नाही. परवाना नाही. शेळ्यांनी पंख खाल्लाय. आणि रहमतभाई या असल्या खटाऱ्यात बसतील असं तुला वाटतं? ते तर मागच्या दारानं पाल आली तरी ओरडायचे.

"भित्रा हाय," दत्तू म्हणाला. "पन तो आधी तारा छेडून बघंल. मंग बसंल."

हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पाच वर्षं मी रोज एक पान वाचून दाखवलं आणि त्या माणसानं मला एका शब्दानं सांगितलं नाही की मी कुणासाठी वाचतेय. मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला की मला सांगितलं असतं तर मी यादी केली असती, जमणार नाही त्या गोष्टींची. केलीच असती.

तो एकाहत्तर किलोचा आकडा त्यांनी दोघांनी कारखान्यात सुताच्या गाठींच्या काट्यावर गंमत म्हणून वजन केलं होतं तेव्हाचा आहे. त्याला सात वर्षं झाली. पुस्तक सांगतं की मागच्या माणसाचं वजन नेमकं माहीत नसेल तर सगळा तोल चुकतो. म्हणजे माझा हिशोब चुकीच्या आकड्यावर उभा आहे, आणि चुकीचा हिशोब मी माझ्या अक्षरात राहू देत नाही.

सोमवारी भोईर विचारायला आले, ट्रकवाल्याला कधी बोलावू. मी म्हटलं, यादी पुरी झाल्याशिवाय अंगणातला खिळाही हलणार नाही. त्यांनी विचारलं, यादीत काय राहिलंय? मी म्हटलं, एक वजन. पंधरा दिवस उलटून गेले आहेत. कमळाबाई माझ्याशी बोलत नाहीत. डाव्या पंखावर नवा मांजरपाट चढलाय, या वेळी वार्निश लावून.

वजन पत्रानंच मागवावं लागेल. ट्रकवाल्याकडून पत्ता घेतला आहे. अर्ज, बदल्यांच्या विनंत्या, मुलींच्या सासरची पत्रं, चाळीतलं सगळं मीच लिहिते. रहमतभाईंना मात्र या सहा वर्षांत आमच्यातल्या कुणी एक ओळ लिहिलेली नाही. मीही नाही. आता मायना लिहून होतो आणि पुढे हात थांबतो. आधी काय विचारायचं, मुलगी कितवीत आहे ते, की वजन किती ते? चार कागद फाडले. पाचवा टेबलावर आहे, त्यावर एवढंच आहे: रहमतभाईंना नमस्कार.