कासवाची धून

"हे संगीत आहे, की कोणी कपाट सरकवतंय?"

"हळू बोला हो, साहेब! ताईंच्या यजमानांची धून आहे ती!"

गेम बनवणाऱ्या ऑफिसात साहेब आणि चित्रकार बाई कुजबुजत होते, आणि प्रोग्रॅमिंग करणाऱ्या ताई त्याच टेबलाखाली स्पीकरची वायर खोचत होत्या! वर डोकं काढावं, तर ऐकल्याचं कबूल करावं लागणार. ताईंनी वायर आणखी पाच मिनिटं खोचली.

खरं तर त्यांनाही कपाटच ऐकू यायचं. पण नोकरी गेल्यापासून खिडकीशी मुका बसलेला नवरा गाणी वाजवायचा कीबोर्ड आणल्यापासून जेवताना बोलायला लागला होता. ऑफिसातल्या लहान मुलांसाठीच्या कासवाच्या गेमला त्याने धून केली, तेव्हा ताईंनी ऑफिसात छाती ठोकून सांगितलं, "दोन दिवसांत बसवते! माझ्या डाव्या हातचा मळ आहे!"

बसवायला घेतली आणि धून मावेचना! कासव, बाग, कोबी सगळं मिळून पंधरा एमबी, आणि एकटी धून चाळीस! गेम बनवून घेणाऱ्या गिऱ्हाईक बाईंनी घातलेली मर्यादा पंचवीसची. म्हणजे धून दाबून एमपीथ्री करायची आणि गेमने ती वाजवता वाजवता उलगडायची.

"दाबायची म्हणजे काय करायचं?" नवऱ्याने जेवताना विचारलं.

"अहो, कानाला जाणवत नाही तेवढं त्यातून काढून टाकायचं."

"माझं काय काढणार?"

उरलेलंही निघालं असतं तर! मनात आलं मात्र, ताईंनी घाईघाईने त्याला भाजी वाढली.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. आधी गेम सगळी धून एकदम उलगडायला बसला आणि तोवर कासव एक पाय वर करून ताटकळलं. ते चालतं केलं, तर धून संपून पुन्हा सुरू होताना मध्ये उचकी लागायला लागली. उचकी घालवली, तर कुठलातरी आकडा चुकला आणि धून दुप्पट वेगाने पळत सुटली, मांजराच्या शेपटीला डबा बांधावा तशी!

"ही बरी आहे," चित्रकार बाई म्हणाल्या.

"का हो?"

"नाही... म्हणजे... लवकर संपते."

घरी नवरा हेडफोन लावून बसायचा. "व्हायोलिन गाळणीतून आल्यासारखं वाटतंय गं." ताई पुन्हा दाबायच्या. चिडचिड इतकी, की एकदा त्यांनी प्रेशर कुकरलाही दम दिला, "तुझ्यात तरी सगळं मावू दे!"

शुक्रवारी गिऱ्हाईक बाई आल्या. पसंत पडलं तरच पुढच्या सहा गेमांचं काम मिळणार होतं. ताईंचा नवराही इस्त्रीचा शर्ट घालून हजर! ताईंनी गेम सुरू केला. कासव निघालं. टप, टप, टप. कोबीचं पान कुरकुरलं. आणि धून? तिचा पत्ताच नाही! सकाळी ताईंनी फाइलचं नाव बदललं होतं, आणि गेम बिचारा जुन्याच नावाने शोधत बसला होता.

"अगंबाई!" गिऱ्हाईक बाई खुर्चीत रेलल्या. "किती शांत! बाकीच्या गेमांनी डोकं उठतं हो. हा असाच ठेवा!"

साहेबांनी छताकडे पाहिलं. चित्रकार बाईंनी नखांकडे. नवऱ्याकडे पाहायची कोणाचीच छाती होईना.

"थांबा!" ताई पुढे सरसावल्या. "यात धून आहे. फार मेहनतीची आहे. एका मिनिटात लावते."

त्यांनी कॉम्प्युटरकडे हात नेला, तसा नवऱ्याने त्यांचा हात धरला.

"राहू दे गं."

"अहो, फक्त नाव बदलायचंय!"

"नको. भिकार आहे ती धून! कपाट सरकवल्यासारखी. मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. पण तू तिच्यासाठी एवढी राबत होतीस, तुझं मन कसं मोडू?"