क्षणभराच्या जोड्या

आमच्या मारुंजीच्या घरात भाडेकरू चिकार झाले. पण एका हातात चहाचा गरम कप, दुसऱ्यात बर्फाचा खडा आणि खिशात लोहचुंबक, असे डोळे मिटून ओसरीवर बसणारे एकटे ठोंबरे सरच.

"एक टोक गरम, एक गार, मधात चुंबक. आता आडवी वीज येते!"

"आली का हो?" आम्ही विचारायचो.

"माणसात नाही येत. पण बसायला बरं वाटते."

सर अमरावतीकडचे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत अतिवाहकांवर काम करायचे. हे पदार्थ पुरेसे गार झाले, की आतले इलेक्ट्रॉन जोड्या जमवतात आणि वीज बिनअडथळा वाहते. सरांचा जीव मात्र त्याच्या जरा अलीकडे अडकलेला. तिथं पुरता गारवा नसतो, जोडी जमते न जमते तोच मोडते. बाकीचे म्हणायचे, तिथं काही नाही. सर म्हणायचे, "काहून नाही? थोडंसं आहे नं!"

हे ते कशालाही लावत. आई विचारायची, "सर, आमटीत मीठ न्हाई व्हय?"

"थोडंसं आहे नं!"

आई कपाळाला हात लावायची.

कधी संध्याकाळी उरलेला द्रव नायट्रोजन आणून ते अंगणात ओतायचे. पांढरं धुकं तुळशीभोवती फिरून शेळीच्या पायांतून सरकत जायचं, आणि आम्ही हातातली कामं टाकून खुळ्यासारखे बघत राहायचो.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, साखरपुडा होऊन लग्न मोडलं. पोरगी बोलेना, जेवेना. येईल ती बाई समजूत घालायची, "चार फोनांची तर वळख. काय नव्हतंच, असं समज." ते ऐकून ती आणखीच मिटायची.

एरवी उंबरा न ओलांडणारे सर एक दिवस सरळ आत आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"सुमन बेटा, टिकली नाही म्हणजे जोडी नव्हतीच, असं नसते. क्षणभर जमली तरी ती चुंबकाला जराशी ढकलते. आम्ही मोजतो नं."

झालं, मी मनात म्हटलं, इथंही चुंबक!

सर पुढं म्हणाले, "माझी मालती एक उन्हाळा होती. मग तापानं गेली. सगळे म्हणाले, संसार झालाच कुठं, दुसरी कर. झाला होता, हे मला कोणाला सांगताच नाही आलं."

कितीतरी दिवसांनी सुमननं तोंड उघडलं. "त्या तुमाला काय म्हनून हाक मारायच्या?"

"हे मला आजवर कोणी विचारलं नाही," सर म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले.

सुमन उठली. चुलीपाशी गेली आणि दोन ताटं वाढून आली. एक त्यांच्यापुढं ठेवलं, एक स्वतःपुढं.