एका बाजूने चिकटवलेली काच

हजार वर्षे उभ्या असलेल्या कमानीला तडा गेला आहे, हे स्थळप्रमुखांच्या लक्षात आले तेव्हा ते त्याच कमानीखाली उभे राहून पाहुण्यांना तिच्या मजबुतीबद्दल सांगत होते. त्यांनी हात वर करायला आणि नजर तड्यावर जायला एकच गाठ पडली. पण प्रमुखांनी वाक्य अर्धे सोडले नाही. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात तेवढे एकच ते मन लावून शिकले होते.

अशा तड्यावर काचेची पट्टी लावतात. तिची दोन टोके तड्याच्या दोन बाजूंना घट्ट चिकटवायची. तडा वाढला की काच तुटते, आणि काच तुटली की अधिकाऱ्याने जागे व्हायचे असते. पद्धत इतकी साधी, की तिच्यात चुकायला जागाच नाही असे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी आमचे प्रमुख पाहिलेले नव्हते.

काच लावली आणि थोड्याच दिवसांत ती तुटली. प्रमुखांनी इमानदारीत वर कळवले. तेव्हा ते नवे होते. मुख्य कार्यालयाने विचारले, "शासकीय काच कोणाच्या निष्काळजीपणामुळे तुटली, याचा खुलासा करावा." प्रमुखांनी लिहिले, तड्यामुळे. त्यावर उत्तर आले, "तडा हा कर्मचारी नसल्याने त्याच्यावर जबाबदारी निश्चित करता येत नाही. सबब, काच शाबूत राखण्याची जबाबदारी या स्थळाचे पालक या नात्याने आपली राहील."

'स्थळाचे पालक' हे शब्द वाचून प्रमुखांची छाती फुगली. बाकीच्या मजकुराकडे त्यांनी काणाडोळा केला आणि घरी जाऊन तेवढेच शब्द बायकोला वाचून दाखवले. बायको कमानीच्या पोटातल्या तिकीट खिडकीवर कामाला होती. तिथे सावली असते म्हणून प्रमुखांनीच खटपट करून तिला ती जागा मिळवून दिली होती.

"पालक का?" बायको म्हणाली. "आपली मुलगी कितवीत आहे, सांगा बघू."

प्रमुखांनी इयत्ता बरोबर सांगितली. फक्त ती मागच्या वर्षीची होती.

पुढची काच तुटली तेव्हा त्यांनी वर कळवलेच नाही, गुपचूप दुसरी लावली. तीही तुटली. मग जाड काच लावली. ती तुटली तेव्हा असा आवाज झाला, की पहारेकरी शिट्टी वाजवत धावत आला. प्रमुखांनी वर कमानीकडे पाहिले. कमान उभी कशी राहील, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही असे नाही. शिवला, पण बसायला जागा न मिळाल्याने निघून गेला. काच उभी कशी राहील, या विचाराने सगळी खोली आधीच अडवली होती.

आणि मग त्यांना सुचले. त्यांनी गवंड्याला बोलावून सांगितले, "काच एकाच बाजूने चिकटवा. दुसरं टोक मोकळं सोडा."

गवंडी म्हणाला, "साहेब, मग तडा हातभर वाढला तरी ती तुटायची नाही."

"हेच तर पाहिजे."

"मग लावायची कशाला?"

"तपासणीला दिसायला," प्रमुख म्हणाले. आपण एवढ्या शांतपणे हे बोलू शकतो, याचे त्यांना स्वतःलाच कौतुक वाटले. थोडी लाजही वाटली, पण कौतुक जास्त होते.

त्यानंतर काच कधी तुटली नाही. मुख्य कार्यालय खूश झाले. इतका शिस्तीतला तडा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. प्रमुखांना इतर स्थळांच्या प्रमुखांपुढे 'प्राचीन वास्तू आणि खंबीर नेतृत्व' या विषयावर बोलायला बोलावले. भाषणात त्यांनी दृष्टी, समर्पण, लोकसहभाग असे सगळे सांगितले आणि चहाच्या वेळी एकेकाला कोपऱ्यात घेऊन खरी गोष्ट सांगितली. वर्षभरात सगळ्या स्थळांवरच्या सगळ्या काचा शाबूत राहू लागल्या. कुठलाच तडा वाढत नाही असे पाहून कार्यालयाने दुरुस्ती विभाग बंद केला आणि त्या खोलीत पुरस्कार विभाग उघडला. पहिल्या पुरस्काराला आमच्या प्रमुखांचेच नाव निघाले.

त्याच आठवड्यात जेवताना बायको म्हणाली, "अहो, आज खिडकीचं दार लागेना. चौकट वाकलीय. परवापर्यंत नीट लागत होतं."

"लाकूड फुगलं असेल."

"चौकट लोखंडाची आहे." तिने पोळी वाढली. "कमान खाली बसतेय. आणि तिच्याखाली दिवसभर कोण बसतं, ठाऊक आहे ना?"

"काच अजून..."

"त्या काचेचं नाव काढू नका माझ्यापुढे! गवंड्याने सांगितलंय मला सगळं. तुम्ही पुरस्कार घ्या, हार घाला, मी बसते खाली. फक्त उद्या मला खिडकीवर सोडताना तोंड नीट बघून घ्या."

प्रमुखांचा घास घशाखाली उतरेना. आपण चांगला माणूस नाही, याची त्यांना अधूनमधून शंका येत असे. पण आपण आपल्या बायकोला हजार वर्षांच्या दगडाखाली बसवणारा माणूस आहोत, हे त्यांना आजच कळले. सकाळी कार्यालयात जाऊन त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला घेतले, "कमान धोकादायक असून ती तत्काळ बंद करावी." सही करायच्या आत फोन वाजला. महासंचालकांचे स्वीय सहायक बोलत होते.

"अभिनंदन, साहेब! पुरस्कार द्यायला महासंचालक स्वतः येताहेत. कमानीखाली मंडप घालायचा म्हणताहेत. कमान ठीक आहे ना?"

"काच शाबूत आहे," प्रमुख म्हणाले. सवयीचा परिणाम, दुसरे काय.

"अहो, काच आमच्याही इमारतीत शाबूत आहे. तुमच्याच पद्धतीने लावलीय," सहायक हळू आवाजात म्हणाले. "मी कमानीचं विचारतोय."

प्रमुख म्हणाले, "कमानीखाली नको."

"कळलं. मंडप मागच्या हिरवळीवर."

"मी तर म्हणतो कमान बंदच करू. आत्ताच लिहितोय तसं."

"लिहू नका! बंद का केली, हे सांगावं लागेल. मग बाकी स्थळांचं विचारतील. मग पद्धत कोणाची, हे विचारतील. साहेब, ती तुमची आहे."

प्रमुखांनी कागदाच्या घड्या घालून तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल मात्र तेव्हापासून अगदी स्थिर आहे.

सोहळा हिरवळीवर थाटात झाला. ऊन चांगले लागते म्हणून तिकीट खिडकी कमानीपासून दूर, रस्त्याच्या कडेला हलवली. पायी फेरफटका आरोग्याला बरा म्हणून कर्मचारी मागच्या दाराने ये-जा करू लागले. बायकोचा जीव वाचला, प्रमुखांचा घास खाली उतरू लागला. मात्र एके दिवशी ती नव्या खिडकीतून कमानीखालून जाणाऱ्या पाहुण्यांकडे बघत म्हणाली, "आणि ही लोकं?"

प्रमुख अगदीच दगड नव्हते. रविवारी ते स्वतः कमानीपुढे जाऊन उभे राहिले आणि येईल त्याला हात जोडून सांगू लागले, "मागच्या दाराने या. जवळ पडेल." आणि तेवढ्यात तुम्ही आलात.

हो, तुम्हीच. सगळ्या कुटुंबाला घेऊन आला होतात. तुम्ही म्हणालात, "मागच्या दाराने का? आम्ही काय फुकटे आहोत? पूर्ण तिकीट काढलंय."

"तसं नाही, जरा काम चाललंय," प्रमुख म्हणाले.

"कुठे काम? एक माणूस दिसत नाही. ते बघा, काच लावलीय, काच शाबूत आहे. आम्हालाही कळतं थोडंफार. वर आपली ओळख आहे म्हटलं, फोन लावू का?"

प्रमुखांना एक वाक्य बोलायचे होते. कमान पडणार आहे, एवढेच. ते त्यांच्या अगदी ओठावर आले होते. पण तुम्ही खिशातून मोबाइल काढलात. ते बाजूला झाले.

"या ना, यावं," ते म्हणाले.

तुम्ही कमानीच्या बरोबर मधोमध उभे राहिलात, सगळ्यांना जवळ ओढलेत आणि फोटो काढायला मोबाइल त्यांच्याच हातात दिलात. प्रमुखांनी फोटो छान काढला. जरा लांबून काढला, एवढेच.