दाणा बारीक का जाडा?

नागपूरच्या सीताबर्डीतल्या बंदुकीच्या दुकानात मालक भैय्याजींनी काउंटरवर दोन डबे ठेवले आणि विचारलं, "दाणा कोणता देऊ? बारीक का जाडा?"

चंद्रभानने दोन्ही डब्यांकडे आळीपाळीने पाहिलं. कुहीजवळच्या गावातून तो सकाळच्या एसटीने बायकोला, सुभद्राला, घेऊन आला होता तो काळी बारूद घ्यायला. रानडुकरांनी त्याच्या शेतातल्या उभ्या धानाच्या तीन बांध्या लोळवल्या होत्या. वडिलांची जुनी बंदूक घरात होती, पितळी काडतुसं होती. वडील गेल्यावर परवाना आपल्या नावावर करून घेण्यात दोन वर्षं गेली, तेही उरकलं होतं. आता काडतुसं भरायची आणि हवेत बार काढून डुकरं पळवायची, एवढंच उरलं होतं. बारुदीतही निवड करावी लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"जे चांगली असन ते द्या ना," तो म्हणाला.

"दोन्ही चांगल्या हायेत. कोणत्या बंदुकीत भरता त्याच्यावर राहते. चुकीची भरली तं नळी फाटते, आन् नळीच्या मागं तोंड तुमचं राहते."

चंद्रभानने तोंडावरून हात फिरवला आणि गावात धोंडबाकाकांना फोन लावला. काका म्हणजे वडिलांचे रात्री पीक राखायच्या जागलीवरचे सोबती. गावात याबाबतीत जाणकार कुणी उरला असेल तर तेच. फक्त वय ऐंशीच्या पुढे आणि ऐकू येणं बेताचं. दोनदा "हॅलो, काका" झाल्यावरच भैय्याजींनी कानावर हात ठेवून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

फुटपाथवर मोजे विकणाऱ्याच्या शेजारी उभं राहून चंद्रभान ओरडला, "काका, मी बर्डीत आहो. दाणा कोणता घेऊ? बारीक का जाडा?"

"बारीक घे," काका ठामपणे म्हणाले. "जाड्याले आता कोण पुसते?"

"आन् भरू किती?"

"पन्नास किलो भर. ऐन टायमाले कमी नको पडाले."

चंद्रभानचं डोकं फिरलं. "काका, पन्नास किलो बारूद आणून काय गाव उडवाचं हाय का?"

मोजेवाल्याने चादरीची चार टोकं धरून दुकान उचललं. कॉलेजच्या दोन मुली आल्या पावली मागे फिरल्या. चंद्रभानच्या भोवतीची गर्दी हा हा म्हणता ओसरली आणि त्या मोकळ्या जागेत मोनाली नावाची एक महिला शिपाई येऊन उभी राहिली.

"पिशवी खाली ठेवा. काय हाय त्याच्यात?"

"पोळ्या आन् आलूची भाजी."

तिने पिशवीत पाहिलं. पोळ्या आणि आलूचीच भाजी होती. मग तिने परवाना मागितला, दोन्ही बाजूंनी वाचला आणि त्याला घेऊन दुकानात शिरली. आत सुभद्रा बाकावर बसली होती. ती थोडी सरकली.

"हे गिऱ्हाईक बरोबर हाय, मॅडम," भैय्याजी म्हणाले. "कागदं मी पाहिले. पण कोणता दाणा पायजे ते हे सांगत नाही तवर मी बारूद देणार नाही."

"पन्नास किलो घ्याले कोणी सांगितलं?" मोनालीने विचारलं. चंद्रभानने निमूटपणे फोन तिच्या हातात दिला. तिने स्पीकर लावला. "काका, मी पोलीस बोलून राहिली. पन्नास किलो कायले पायजे?"

पलीकडून काकांचा आवाज आला. "पोलीस? आता तांदळालेही पोलीस लागते काय, बाई?"

मोनालीने चंद्रभानकडे पाहिलं.

"मयुराचा, आमच्या नातीचा, साखरपुडा हाय ना रविवारी," काका पुढे म्हणाले. "चंद्रभानच म्हणला होता, तांदूळ मी आणतो म्हणून."

चंद्रभान म्हणाला होता खरा. तो फोनवर वाकून एकेक शब्द तोडत बोलला, "काका, तांदूळ नाही. बारूद. बाबा काडतुसात भरत, ते बारूद."

"असं बोल ना गा मंग. त्याच्यातलं मले काय समजते? बार तुझा बाप काढे, मी बॅटरी धरो. तांदूळ बारीकच आणजो."

मोनालीने फोन आणि परवाना परत केला. "पुढच्या वेळी चिठ्ठी पाठवा," एवढं बोलून ती गेली.

चंद्रभान बाकावर बसला. घसा बसला होता, दुपारची एसटी अर्ध्या तासावर आली होती आणि तांदळाचं एक नवीनच काम गळ्यात पडलं होतं. "द्या कोणतीही," तो म्हणाला.

"कोणतीही मी विकत नाही."

तेव्हा सुभद्रा उठली. दोन्ही डब्यांतली चिमूटभर बारूद तिने वेगवेगळ्या कागदांवर घेतली, बोटाने पसरली, उजेडाकडे धरून पाहिली. "हे द्या. जाडी. मामाजी हेच आणत," ती म्हणाली. मामाजी म्हणजे तिचे सासरे.

भैय्याजी तिच्याकडे पाहत राहिले. "ताई, काडतुसं तुम्ही भरता?"

"बारा वर्ष भरले. मामाजीचे हात थरथर कापाले लागले तवापासून. हे वावरात गेले का आमी बसो."

चंद्रभान बाकावरून अर्धा उठला. "बारा वर्ष? आन् मले काहून नाही सांगितलं वं?"

"मामाजीनं शपथ घातली होती."

"मले सांगू नको म्हणून? मी त्याह्यचा पोरगा व्हय ना?"

सुभद्राने दोन्ही कागदांवरची बारूद परत आपापल्या डब्यात झटकली. "तुमी बिड्या वढता, मामाजी म्हणत. कुठंही जळती टाकता."

भैय्याजींनी जाड्या दाण्याचा डबा बांधला, रजिस्टरवर चंद्रभानची सही घेतली आणि डबा सुभद्राच्या हातात दिला.