टेन्शनबंदीचा एक दिवस

"एका महिन्यात पोट आत! नाही तं नाव धर्मपाल खोब्रागडे नाही!"

ही गर्जना झाली उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलच्या गेटवर, भर दुपारी, दहा-बारा माणसांसमोर. धर्मपाल तिथे बावीस वर्षं क्रेन चालवत होता. खाली लालबुंद लोखंड सळसळत धावायचं आणि वर, चाळीस फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये हा राजा! यंदाच्या मेडिकलला मात्र कंपनीच्या डॉक्टरने कमरेला टेप लावली आणि टेपच संपली. बीपी चढलेलं, केबिनमधल्या खुर्चीचा पट्टा लागेना. मॅनेजर म्हणाला, "एक महीना है. नहीं तो नीचे यार्ड में." असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं पोट टेबलावर पेपरवेटसारखं ठेवलेलं होतं! पण मॅनेजरच्या पोटाला मेडिकल नसतं. या देशात पोट मोजतात ते फक्त राबणाऱ्याचं.

धर्मपाल कामाला लागला. सकाळी काकडी, दुपारी काकडी, रात्री काकडीचा नुसता वास. मोबाइलवर कुणी बिनकामाचा पैलवान सांगत होता, पहाटे चारला उठा! आता रात्रपाळीवरून सहाला घरी येणारा माणूस चारला उठणार कसा? धर्मपालने तोडगा काढला. तो झोपायचाच बंद झाला. अंथरुणात पडून पोटावर वीत ठेवायचा आणि यार्डातली धूळ आठवत छताकडे बघायचा. दहाव्या दिवशी पुन्हा टेप लावली. एक इंच वाढलं होतं!

"मी काकडी खाऊन राहिलो, अन् पोट काय मटण खाऊन राहिलं?" तो बायकोवर, म्हणजे मायावर ओरडला.

मायाने त्याला उचलून शंकर नगरात डॉक्टर इरावतीबाईंकडे नेलं.

"काका, जास्त टेन्शन आलं, झोप मोडली, की शरीर कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतं," त्या म्हणाल्या. "थोडं असेल तर कामाचं. पण रोज जादा सुटलं की ते चरबी पोटातच भरत राहतं. चरबीच्या पेशी फुगतात."

"म्हणजे गोदाम झालं, मॅडम."

"गोदाम असतं तर बरं होतं! तो कारखाना आहे. वाढलेली चरबी निपचित पडलेल्या हार्मोनला उठवून पुन्हा कामाला लावते. तिला सूज धरते, साखर बिघडते, बीपी चढतं."

"म्हणजे माह्या पोटात तिसरी पाळी चालू हाय!"

"ओव्हरटाइमसकट. काकडी खाऊन जागत बसलात तर मालच पुरवताय तुम्ही." मग त्या जरा गंभीर झाल्या. "क्वचित ग्रंथीवर गाठ असली तरी असं होतं. तुम्हाला असेल असं वाटत नाही, पण एकदा रक्त तपासू. परवा सकाळी आठला या. आदला दिवस शांत घालवा. मनाला धक्का नको."

धर्मपालने त्यातला एकच शब्द घरी आणला: गाठ. आणि मायाने शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी तो उठला तर मोबाइल गायब.

"चार्जिंगले लावला," माया म्हणाली.

"पेपर?"

"आलाच नाही."

"अन् स्कूटर?"

"सर्विसिंगले गेली. तुम्ही पडून राहा बरं!"

पोरगा यशदीप समोर आला. जन्मापासून बापाशी हिंदीत वाद घालणारा हा पोट्टा आज हात जोडून म्हणाला, "हाँ पापा, जैसा आप बोलो." धर्मपालला तिथेच पहिली शंका आली.

मग शेजारच्या प्रेमलाबाई मुगाचं कढण घेऊन आल्या. चौदा वर्षांत या बाई त्याच्याशी फक्त नळाच्या पाण्यावरून बोललेल्या, तेही कंबरेवर हात ठेवून! आज म्हणाल्या, "दादा, तुम्ही लई चांगले माणूस आहा."

दुपारी साळा लोकेश भंडाऱ्याहून बॅग घेऊन हजर! तीन वर्षांपूर्वी घरच्या लग्नात मटण कमी वाढलं म्हणून रुसलेला लोकेश!

"तू काहून आला बे?"

"असंच, भाऊजी. आठवण आली." त्याने मिठी मारली. डोळे ओले!

संध्याकाळी विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या, परित्राण पाठ सुरू झाला. हा पाठ आनंदाच्या वेळी करतात आणि माणूस फार आजारी असला तरी करतात. धर्मपालला फक्त दुसरं आठवलं. पुढच्या रांगेत पोरगी साक्षी बसली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मायाचा आवाज आला: "उद्या रक्त देल्यावरच सांगू. आज सांगतलं तं त्याईले सहन नाही होईन."

संपलं! डॉक्टरीणबाईंनी मायाला फोन केलेला दिसतो!

त्याने लोकेशला मटणाची माफी दिली. कूलरवरून प्रेमाने हात फिरवला. यशदीपला जवळ बोलावून म्हणाला, "बेटा, माहे कंपनीचे बूट आता तू घाल."

"पापा, मेरे को छोटे पड़ेंगे."

मरणाऱ्या माणसाची ही इज्जत! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी आठला सुई निघाली तसा धर्मपाल ताठ बसला. "आता सांगून टाका. किती दिवस राहिले?"

"कशाले?" मायाने विचारलं.

"मले मराले!"

अख्खी लॅब वळून बघू लागली. आणि साक्षी फुटलीच, "पापा! मैं सेलेक्ट हो गई! रेलवे में, असिस्टेंट लोको पायलट! इंजिन चलाऊँगी!"

"अन् हे लपवलं काहून?"

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं ना, धक्का नोको!" माया कडाडली. "धक्का तं धक्का! आनंदाचा असला म्हणून का झालं?"

धर्मपाल बाकावर मटकन बसला. आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करू लागला. रक्त काढणाऱ्या ताईने घाबरून पाणी आणलं.

रिपोर्ट आला तो आभाळाला टेकलेला. इरावतीबाईंनी चष्मा काढला. "काका, काल केलंत काय?"

"शांत पडून होतो, मॅडम."

मायाने सगळा दिवस सांगितला तशा त्या खुर्चीत हसून वाकल्या. "आठवड्याने पुन्हा या. आणि मेहरबानी करा, घरात नेहमीसारखं भांडा!"

भांडले! मन लावून भांडले! धर्मपालने आठवडाभर रजा टाकली, वेळेवर वरणभात खाल्ला, आठ-आठ तास घोरला. दुसरा रिपोर्ट साफ! गाठ नाही, काही नाही. "झोपा, वेळेवर जेवा, रोज चाला," बाई म्हणाल्या. "पोटातला कारखाना हळूहळू थंड होईल. एका महिन्यात नाही."

महिना भरला. कंपनीत बीपी उतरलेलं निघालं. पट्टा शेवटच्या भोकात खट्कन लागला. त्या क्षणी धर्मपालने श्वास घेतला नव्हता, पण ते कंपनीला कशाला सांगा! पोटासाठी आणखी सहा महिने मिळाले. तो चाळीस फूट जिना चढला, खुर्चीत टेकला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीला नमस्कार केला.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून तो पिसासारखा उतरला. "चाल यशदीप, विहारात पेढे वाटून येऊ! स्कूटर काढ!"

यशदीप बुटाची नाडी बांधत बसला.

"अबे, सर्विसिंगले देऊन अठरा दिवस झाले! बनवून राहिले का कारखान्यात नवी?"

प्रेमलाबाईंनी खिडकीतून डोकं आत घेतलं. यशदीपने हळूच रस्त्यापलीकडच्या नाल्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. मग माया, साक्षी आणि यशदीप, तिघंही एका सुरात, अंगावर काटा यावा इतक्या गोड आवाजात म्हणाली,

"टेन्शन घेऊ नका!"